दाबके काकांचं प्लोवदिव

दाबके काकांना जपानमधलं काहीही दाखवा, ते म्हणतात, "छान आहे. पण प्लोवदिवला याहून जुनं आहे."

प्लोवदिव हे बल्गेरियातलं एक शहर. कंपनीने काकांना तरुणपणी तिथे दोन वर्षं पाठवलं होतं. आता निवृत्त होऊन ते टोकियोत, निशी-कसाईला मुलाकडे, निनादकडे राहतात. आमच्या इमारतीतल्या मराठी मंडळींच्या सहली मी आखते, त्यामुळे प्लोवदिव सर्वांत जास्त भोगते तीही मीच.

आसाकुसाच्या देवळापुढे सगळे फोटोला उभे, आणि काकांची गाडी प्लोवदिवच्या रोमन थिएटरवर! "दरड कोसळली म्हणून सापडलं हो ते. आणि मुख्य रस्त्याखाली अख्खं स्टेडियम. वर दुकानं, खाली रोमन!" सुपरमार्केटात बल्गेरियन दह्यापाशी तर त्यांचा पहाराच असतो. एकदा त्यांनी एका जपानी आजींना प्लोवदिवच्या टेकड्या बोटांवर मोजून दाखवल्या. "सात होत्या. एक फोडून रस्त्यांना घातली. राहिल्या सहा!" आजींनी मान लववली आणि दह्याचे सहा डबे घेतले.

"काका, चला, उशीर होतोय."

"मॅडम, तुमच्या वेळापत्रकात इतिहासाला जागाच नाही."

जागा होती, पण तीही तेच अडवायचे. दर सहलीला दोन नावं द्यायचे, स्वतःचं आणि निनादचं. निनाद कधीच यायचा नाही. रविवारीही त्याचं ऑफिस. एकदा मी वैतागून म्हटलं, "येत नाही त्याचं नाव देता कशाला?"

"येईल हो. मला एकदा त्याच्याबरोबर हिंडायचंय. प्लोवदिव आम्ही दोघांनी मिळून पाहिलंय. त्याच्याच तोंडून ऐका."

कामाकुराला निनाद खरंच आला. काकांनी बुद्धाच्या भव्य मूर्तीकडे पाठ केली. "सांग रे यांना, घड्याळाच्या मनोऱ्याजवळून काय काय दिसायचं?"

फोनमधून मान वर न काढता निनाद म्हणाला, "बाबा, मी तीन वर्षांचा होतो. मला काहीही आठवत नाही."

काका वळून बुद्धाकडे बघू लागले. आज तरी वेळेवर जेवू, असं माझ्या मनात आलं.

मग त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पण हळू आवाजात, आणि फक्त त्याच्याशी. "मनोरा टेकडीवर होता. तू निम्म्यात फतकल मारायचास, मग माझ्या खांद्यावर. थिएटरच्या पायऱ्यांवर तुला उचकी लागली, ती थांबेचना. जुन्या वस्तीत घरांचे वरचे मजले रस्त्यावर पुढे आलेले. पाऊस आला की आपण दोघं त्यांच्याखाली. एकदा तर तुझा एक बूट माझ्या हातात आणि दुसरा नदीत."

यातलं एक अक्षर आम्हाला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"नदीत कसा?" निनादने विचारलं. फोन खिशात गेला होता.

जेवणाचं बुकिंग साडेबाराचं होतं. "चला, चला," मी बाकीच्यांना पुढे काढलं. "त्या दोघांना राहू दे."

आणि चालता चालता हॉटेलात फोन करून दोन ताटं बाजूला ठेवायला सांगितली.