निशिगंधाचे राहिलेले थर

खरवड्याला रेंज बेताची असल्यामुळे रेंजवरून पाठवलेली बाहेरगावची माणसं तिथं फक्त पहिल्या थरात पोहोचतात. पहिला थर म्हणजे उंची, आवाज, भूक आणि हातातलं सामान. दुसऱ्या थरात रंग येतात आणि तिसऱ्यात चेहऱ्यावरचं आणि आवाजातलं बारीकसारीक. शहरात म्हणे तिन्ही थर एकदम उतरतात. खरवड्यानं तशी हाव कधी धरली नाही. जावई राखाडी आला तरी त्याला पाट मांडतात, आणि तोही राखाडी तोंडानं चार पुरणपोळ्या सहज संपवतो.

इंदूताई घाणेकरांची मुलगी निशिगंधा लग्नानंतर पहिल्यांदाच एकटी माहेरी आली. राखाडी, सपाट, कडांना जराशी चौकोनी. इंदूताईंनी तिच्या आवडीची फणसाची भाजी केली आणि वाढता वाढता विचारलं, "बरी आहेस ना गं तिकडे?"

"सगळं छान आहे, आई."

चेहरा निरखावा, तर तिथं दोन डोळे आणि एक तोंड, एवढंच होतं. आवाजही सरळसोट. इंदूताईंच्या मनाला ते 'छान' काही पटेना, पण पहिल्या थराला खोदून विचारण्यात अर्थ नसतो. दुसऱ्या दिवशी मुलगी परत गेली. इंदूताईंचा जीव मात्र टांगणीला लागला.

ती गेली आणि आभाळ मोकळं झालं. रेंज सुधारली, आणि तिचे मागे राहिलेले दोन्ही थर पोहोच केंद्रात येऊन पडले. केंद्रातल्या तावड्यांनी इंदूताईंना बोलावून घेतलं.

"काकू, नियमानं हे परत पाठवायचे. खाली माणूस नसला की वरचे थर कुणाच्या कामाचे नाहीत. मागे सरपंचांच्या साडूंची नुसती मिशीच आली होती. महिनाभर कपाटात पडून होती बिचारी."

"माझ्यावर लावून बघा."

"ज्याचा थर त्यालाच बसतो, काकू."

"ती माझीच मुलगी आहे. हनुवटीपर्यंत माझ्यावर गेलीय. कुठं सैल पडलं तर मी धरून ठेवीन."

तावड्यांनी थोडा विचार केला. नियमात आईबद्दल काही म्हटलेलं नव्हतं. त्यांनी इंदूताईंना स्टुलावर बसवलं, चष्मा काढायला लावला आणि दोन्ही थर एकापाठोपाठ एक लावले. गळ्यापाशी जरा चुण्या पडल्या, बाकी ठीक बसले.

इंदूताईंनी चष्मा पुन्हा लावून भिंतीवरच्या आरशात पाहिलं. लुगडं पिवळं झालं होतं. म्हणजे दिवाळीत दिलेली साडी पोरगी नेसून आली होती. डोळ्यांखाली काळं होतं. खालचा ओठ दातांनी चावून चावून सोलला होता.

"सगळं छान आहे, आई," त्यांनी आरशाकडे बघून म्हणून पाहिलं.

'छान'पाशी आवाज कापला आणि 'आई'पर्यंत पोहोचता पोहोचता फुटला. इंदूताईंना फार वाईट वाटलं. तावडे उगाचच खिडकी लावायला उठले.

थोड्या वेळानं इंदूताईंनी डोळे पुसले. कुणाचे पुसले, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"हे थर तिचे तिला परत पाठवा," त्या म्हणाल्या. "आणि मलाही पाठवा. आत्ताच."

"काकू, रेंज परत उतरलीय, आत्ता इथून तुम्हीही पहिल्या थरातच जाल. राखाडी दिसाल. चेहरा नीट उमटायचा नाही."

"पिशवी जाते ना पहिल्या थरात?"

"पिशवी जाते."

"मग झालं," इंदूताई म्हणाल्या, अंगावरचे थर उतरवून तावड्यांच्या हाती दिले आणि राहायच्या तयारीनं पिशवी भरायला घराकडे गेल्या.