वजनमापे निरीक्षकाचं वजन

तीन महिन्यांत सहा किलो उतरवून दाखवतो, असं मी डॉक्टरांना तोंडावर सांगितलं होतं. लोक वर्षानुवर्षं घाम गाळतात आणि तरी जसेच्या तसे राहतात, कारण वजन म्हणजे काय हेच त्यांना ठाऊक नसतं. मला ठाऊक होतं. बावीस वर्षं मी वजनमापे निरीक्षक आहे! आमच्या भागातल्या एकेका दुकानाचा काटा मी तपासलाय. किलोमागे पन्नास ग्रॅम मारणारे भलेभले माझ्यासमोर रडलेत. नवे निरीक्षक आले की त्यांना पहिला धडा मीच देतो: दुकानात शिरल्यावर दुकानदाराचं तोंड बघू नका, आधी काट्याखाली बघा. अशा माणसाला स्वतःचे सहा किलो म्हणजे हातचा मळ.

सहाच का, तर गुडघ्यासाठी. उजवा गुडघा पार झिजलाय. डॉक्टर म्हणाले, "बदलून टाकू. पण तुम्ही एकशे एक किलो आहात, पंचाण्णवच्या आत या. नाहीतर नवा गुडघाही जुन्यासारखाच जाईल." त्यांनी तीन महिन्यांनंतरची तारीख दिली. इकडे ऑफिसात साहेबांनी माझं लंगडणं खिडकीतून हेरलं होतं. "जिने चढवत नसतील तर तुम्हाला तळघरात रेकॉर्डला बसवावं लागेल," असं ते मोठ्या मायेनं म्हणाले. तळघरात उतरायलाही जिनाच आहे, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं नाही. आमच्याकडे रेकॉर्डला गेलेला माणूस निवृत्तीच्या दिवशीच वर येतो. मागचा वर आला तेव्हा निरोप समारंभात त्याला कुणी ओळखलं नव्हतं. थोडक्यात, ऑपरेशन झालं तर माझी फिरतीची नोकरी राहणार होती, नाहीतर मी जिवंतपणी जमिनीखाली जाणार होतो.

मी गोल तबकडीचा एक काटा विकत आणला. ऑफिसातली प्रमाणित वजनं ठेवून स्वतः तपासला आणि न्हाणीघराबाहेरच्या बोळात ठेवला. शेजारच्या कपाटावर कागद चिकटवला. दर रविवारी सकाळी वजन करायचं आणि आकडा लिहायचा, असा नेम. साखर बंद, तळलेलं बंद, दोन्ही वेळा उकडलेली भाजी आणि काकडी. सकाळी काठी घेऊन अर्धा तास चालणं. पहिला आठवडा मी इतका उपाशी होतो की शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात काय शिजतंय हे मला वासावरून भांड्यासकट सांगता येत होतं.

पहिल्या रविवारी एकशे एक. दुसऱ्या रविवारी एकशे एक. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "सुरुवातीला शरीर सोडत नाही हो, धीर धरा." तिसऱ्या रविवारी दोनशे ग्रॅम उतरले आणि मी ऑफिसभर सांगत सुटलो. त्यावर टंकलेखक बाई म्हणाल्या, "खरंच? मला तर तुम्ही जरा भरल्यासारखे वाटता." चौथ्या रविवारी ते दोनशे ग्रॅम घरी परत आले होते.

त्या दिवशी मी काट्यावरून उतरलो आणि बायकोला म्हणालो, "मरू दे. जातो तळघरात." काकडीची बशी तशीच ढकलली. रविवारी चाललो नाही, सोमवारी चाललो नाही, मंगळवारीही नाही. बायकोशी तर मी बोलतच नव्हतो, जणू ते एकशे एक किलो तिनंच मला घातले होते.

पाचव्या रविवारी केवळ सवयीनं काट्यावर चढलो. शंभर! मी उतरलो, पुन्हा चढलो. शंभरच. काट्याखाली बायकोनं जाडसर पायपुसणं घातलं होतं, ते मला बरं वाटलं. चढताना पायाखाली कसं मऊ मऊ लागत होतं. मला वाटलं, माझंच पाऊल हलकं पडतंय.

त्या सकाळपासून मी माणसात आलो. अर्ध्या तासाचं चालणं एक तासावर नेलं. गुडघा ठणकायचा, पण ठणका परवडतो हो, काटा हलत नाही ते परवडत नाही. नंतरच्या रविवारी साडेनव्व्याण्णव, मग नव्व्याण्णव, मग साडेअठ्ठ्याण्णव. मी ऑफिसात लोकांना आहारावर सल्ले देऊ लागलो. टंकलेखक बाईंना तर न मागता दिला. पंचाण्णव लागल्यावर मात्र थोडा सैल पडलो. चहात दोन चमचे साखर परत आली, रविवारी बिस्किटं आली. पंचाण्णववाल्या माणसाचा तेवढा हक्क असतो. शेवटच्या रविवारी कागदावर मी ठसठशीत अक्षरात लिहिलं: साडेचौऱ्याण्णव.

ठरल्या दिवशी मी आणि बायको दवाखान्यात गेलो. ती वाटेत फार बोलली नाही. मला वाटलं, ऑपरेशनचं दडपण आलंय. रांगेत माझ्यापुढे एक जाडजूड कंत्राटदार होते आणि मागे काठी टेकत उभ्या असलेल्या एक आजी. कंत्राटदारांना सिस्टरनं वजन करून परत पाठवलं. ते कुरकुरत बाजूला बसले. मग मी ऐटीत चढलो.

"साडेअठ्ठ्याण्णव," सिस्टर म्हणाल्या.

"साडेचौऱ्याण्णव," मी दुरुस्त केलं.

"साडेअठ्ठ्याण्णव. बूट काढून."

"तुमचा काटा चार किलो जास्त दाखवतोय."

"सगळे असंच म्हणतात," सिस्टर म्हणाल्या आणि कागदावर लिहू लागल्या.

सगळे म्हणत असतील, पण सगळ्यांच्या खिशात माझं ओळखपत्र नसतं. मी ते काढलं, टेबलावर ठेवलं आणि काटा सरकारी तपासणी होईपर्यंत बंद, असं जाहीर केलं. बायको बाही ओढत म्हणाली, "अहो, जाऊ द्या ना. घरी चला." मी म्हटलं, "तू गप्प बस, हा माझा विषय आहे." ऑफिसला फोन लावून शिपाईमामांना प्रमाणित वजनं घेऊन बोलावलं. वीस किलोचं एकेक, अशी पाच वजनं.

त्या पाऊण तासात मी पुढारी झालो. कंत्राटदार उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मी गेल्या महिन्यापासून सांगतोय, या काट्यात गडबड आहे." आणखी तिघांना वजनावरून परत पाठवलं होतं, तेही येऊन मिळाले. एकानं फोन करून आपल्या मेव्हण्यालाही घरून बोलावलं, त्यालाही मागे असंच परत पाठवलं होतं म्हणून. कंत्राटदारांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, बिस्किटाचा पुडा पुढे केला. लढ्यात माणसाला बळ लागतं म्हणून मी चार खाल्ली. बायको कोपऱ्यातल्या बाकावर पदर तोंडाशी धरून बसली होती.

शिपाईमामांनी रिक्षातून एकेक वजन आणून ओळीनं मांडलं. ते माझ्याहून दोनच वर्षांनी लहान आहेत आणि त्यांची कंबर माझ्या गुडघ्यासारखीच आहे. आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. मी काट्याखाली वाकून बघितलं. स्वच्छ, सपाट फरशी. मग एक वजन ठेवलं. वीस. दुसरं ठेवलं. चाळीस. साठ. ऐंशी. पाचवं वजन मी दोन्ही हातांनी अलगद ठेवलं.

शंभर. एका ग्रॅमचाही फरक नाही.

मेव्हणा आला होता तो दारातूनच परतला. सिस्टर म्हणाल्या, "काटा बरोबर असल्याचं लिहून द्या आता. तुमच्या सहीनं." मी लिहून दिलं. मग त्यांनी मला पुन्हा काट्यावर उभं केलं. अठ्ठ्याण्णव किलो आठशे ग्रॅम. कंत्राटदारांचं पाणी आणि बिस्किटं धरून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

डॉक्टर रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. "तीन महिन्यांनी पुन्हा बघू," ते म्हणाले, "तुमची तारीख या आजींना देतो." आजींनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "देव तुमचं भलं करो बाबा." इतक्या मनापासून मला कुणी आशीर्वाद दिलेला आठवत नाही.

घरी येऊन मी थेट बोळात गेलो. भिंतीला धरून खाली वाकलो, काटा उचलला, पायपुसणं उचललं. खाली ब्लँकेट होतं. ब्लँकेटखाली सतरंजी होती. बावीस वर्षं लोकांच्या काट्याखाली डोकं घालणारा मी, दोन महिने या गादीवर उभा राहून आकडे लिहीत होतो. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

"हे काय आहे?" मी विचारलं.

"आधी नुसती ब्लँकेटची घडी होती," बायको म्हणाली. "मग दुहेरी केली. मग सतरंजी घातली."

"तुला हे शिकवलं कुणी?"

"तुम्हीच. जेवताना दुसरं बोलता काय तुम्ही? त्या रद्दीवाल्यानं लोकांची रद्दी कमी भरावी म्हणून काट्याखाली गोणपाटाच्या घड्या घातल्या होत्या, हे तुम्ही मला निदान दहा वेळा सांगितलंय."

"अगं पण का?"

"तळघरात जातो म्हणालात. तीन दिवस भिंतीकडे तोंड करून बसलात. काटा हलेना म्हणून मी हलवला." मग ती म्हणाली, "आणि खोटा आकडा बघून तुम्ही चाललात मात्र खरे. अडीच किलो उतरलेच की."

"सहा उतरायला हवे होते. पंचाण्णव दिसले म्हणून मी साखर घ्यायला लागलो."

"ते मला कुठं माहीत होतं असं होईल म्हणून," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मला भयंकर राग आला होता आणि तो काढायला जागा नव्हती. दुकानदार काटा मारतो तो स्वतःच्या फायद्यासाठी. हिनं मारला माझ्या फायद्यासाठी आणि त्यात बुडालो मीच. अशा गुन्ह्याला आमच्या कायद्यात कलम नाही. मी स्वतःच तिला पाणी आणून दिलं.

सोमवारी साहेबांनी मला तळघरात पाठवलं. "तात्पुरतं हो," ते म्हणाले. "ऑपरेशन झालं की लगेच वर घेतो." तिथे एक टेबल, एक दिवा आणि माझ्याच सहीचे बावीस वर्षांचे अहवाल आहेत.

घरी आम्ही नवी पद्धत ठरवली. काटा उघड्या फरशीवर. मी चढायचं आणि छताकडे बघायचं, आकडा तिनं बघायचा, मला सांगायचा नाही. आकडा दिसला की माझा धीर सुटतो, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं. दर रविवारी ती वाकून बघते आणि म्हणते, "कमी झालंय." मी विचारतो, "किती?" ती म्हणते, "झालंय ना, मग झालं." आणि मी काठी घेऊन बाहेर पडतो. पाऊस असो, ऊन असो, गुडघा रडो. साखर पुन्हा बंद आहे, बिस्किटाचं नावही काढलेलं नाही. बारा रविवार गेले, बारा वेळा कमी झालं.

उद्या दवाखान्याची तारीख. आज दुपारी मी फाइल काढली, दोन जोडी कपडे बॅगेत भरले, साहेबांना सांगायचं वाक्यही मनात जुळवून ठेवलं. बायको टेबलाशी मटार सोलत बसली होती. मग मान वर न करता म्हणाली, "अहो, आणखी महिनाभरानं गेलो तर नाही का चालणार? एवढी घाई काय आहे?"

मी बॅग उघडली आणि कपडे पुन्हा कपाटात ठेवले.