इंजिनाचा सातबारा

कुणाच्याही दारात गाडी उभी असली, की आमचे नाना चपला काढायच्या आधी तिच्या बॉनेटवर तळहात ठेवतात. यजमान "या, या" करत उभे, आणि नाना डोळे मिटून. "गरम हाय. आत्ताच आलेत म्हना की," एवढं झालं की मग घरात.

नाना म्हणजे माझे थोरले काका. तलाठी म्हणून निवृत्त झाले. काकू गेल्यावर एकटेच राहतात. स्वतःची गाडी म्हणाल तर एक जुनी स्कूटर. पण सोनईत कुणाला जुनी एसयूव्ही घ्यायची असली, की आधी नानांना दाखवायची. विकणाऱ्याने इंजिन तापवून ठेवलेलं दिसलं, तर नाना तिथूनच मागे फिरतात. "गार असताना कसं उठतंय ते बघायचंय. तोंड धुऊन बसल्यावर समदेच चांगले दिसत्यात." मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढायचं आणि उलटं ठेवायचं. ते थडथड नाचलं, की निकाल: "सातबारा कोरा न्हाई. बोजा हाय." शेवटी इमामपूरचा घाट. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलायचा. गिअर आपोआप निसटला, तर गिअरबॉक्स गेला.

माझी आतेबहीण प्राजक्ता. तिची गाडी नानांनी एका दुपारीत पास केली, वर स्वतः पेढे वाटले. प्राजक्ता मोठ्याने हसते, नानांच्या पाठीवर थाप मारून "मामा, तुमचा कान म्हंजे मशीन हाय!" म्हणते. मला हे जमत नाही. मी नाशिकला इंग्रजी शाळेच्या होस्टेलात वाढले. माझं वाक्य मनात तयार होईपर्यंत समोरचा माणूस चहा पिऊन गेलेला असतो. तिच्या गाडीचा फोटो ग्रुपवर आला, की मी अंगठा पाठवायचे आणि फोन पालथा ठेवायचे.

गाडी मलाही हवी होती. नगरला नोकरी लागल्यापासून नाना मला रोज सकाळी सोनईहून स्कूटरवर घोडेगावपर्यंत सोडत. वाटेभर बोलणारे तेच. पुढे नगरची बस चुकली, की ऑफिसात साहेबांचं तोंड बघायचं.

मला शनिवारी सुट्टी, म्हणून नाना शनिवारीच गाड्या दाखवायला न्यायचे. पहिलीचं झाकण नाचलं. दुसरीने घाटात गिअर टाकून दिला. तिसरी मात्र, पांढरी, सगळ्यातून पार पडली. "कोरा हाय," नाना हळूच म्हणाले. "सोमवारी बघू." सोमवारी ती दुसऱ्याच कुणीतरी नेली. चौथीचंही तसंच. प्राजक्ताला पेढे, मला सोमवार! मी आतल्या आत जळत होते.

शेवटी न राहवून तिलाच फोन केला. ती हसतच सुटली.

"शनिवारी? येडे, आपल्याकडं शनिवारी लोखंड कोन घेतं? टोकनसुद्धा देत न्हाईत. माझी तर मामांनी बुधवारी बघितली आन् तिथंच उरकली. त्यांना काय हे ठाऊक न्हाई व्हय?"

शनीचं शिंगणापूर हाकेच्या अंतरावर, आणि नानांना ठाऊक नाही?

दुसऱ्या दिवशी स्कूटरवर मी मागून म्हणाले, "नाना, मी बुधवारी रजा टाकते. बुधवारीच गाडी बघू."

स्कूटरचा वेग कमी झाला. मी त्यांच्या कॉलरकडे बघत होते. मला सोडून ते सरळ घरीच परतायचे, तरी रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे. हे मला त्या दिवशी दिसलं. प्राजक्ताला त्यांनी गाडी लगेच देऊन टाकली होती. तिला ते रोज कुठे सोडायला जात नव्हते.

"म्हंजे सकाळी तुझी तू जानार," नाना म्हणाले.

माझ्याकडे लायसन्स होतं. नाशिकला मैत्रिणीची गाडी मी खुशाल चालवायचे.

"हायवेवर भीती वाटते मला," मी म्हणाले. "शेजारी कुणीतरी लागेल. नगरपर्यंत याल? परत बसने यावं लागेल पण."

"बसचं काय, येतीच की." स्कूटरने जरा वेग घेतला. "पन मॅडम, तू क्लचवर पाय ठेवून चालवनारी. शिकायला लई दिवस लागतील."

"लागू देत," मी म्हणाले.