बदल सांगून करा!

गौतममामा सुट्टीत आमच्याकडे जेवायला बसले की पहिला घास घेण्याआधी माझ्या आईला विचारायचे, “अक्का, कालच्या आमटीत अन् आजच्या आमटीत फरक काय?”

“चिंच जरा जास्त पडली.”

“काहून?”

“हात सुटला, बाबा! जेव आता.”

“बदल कर, पण सांगून कर,” म्हणत मामा खुशीत दोन वाट्या आमटी भुरकायचे.

मामा मुंबईच्या एका कचेरीत कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहीत. सत्तरच्या त्या दशकात वसमतला कॉम्प्युटर म्हणजे काय हे फक्त आमच्या घराला ठाऊक होतं, म्हणजे तसं आम्हालाही नव्हतंच! प्रोग्रामची एकेक ओळ एकेका जाड कार्डावर भोकं पाडून लिहितात आणि तो गठ्ठा मशीनच्या तोंडी देतात, एवढं कळायचं. ओळ बदलायची तर जुनं कार्ड काढून नवं घालायचं. नव्या कार्डाची कड मामा निळी करत. काढलेलं कार्ड मात्र कधी फेकत नसत. “नवं बिघडलं तर परत कुठं जाशील?” आईनं जुना तवा मोडीत काढला तेव्हाही त्यांनी हेच ऐकवलं होतं.

एका उन्हाळ्यात ते गठ्ठा घेऊनच सुट्टीवर आले. सोमवारी मशीनवर त्यांची पाळी होती. प्रोग्राम चालला नाही तर ते काम दुसऱ्याच्या हाती जाणार होतं. निघायच्या दिवशी, एसटीला थोडाच वेळ असताना, खोका उघडून मामा ओरडले, “अक्का! हे कोणं केलं?”

“म्या,” आई कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाली. “निळे-पांढरे समदे एकात एक झालते. रंगारंगानं लावून ठिवले. बराबर केलं न्हाई का?”

हळकुंडं एकीकडे, गड्डे एकीकडे अशी हळद निवडण्यात आईचा हात धरणारं गल्लीत कोणी नव्हतं. तोच हात इथं फिरला होता, आणि प्रोग्रामच्या ओळींचा क्रम पार मोडला होता.

मामा मटकन खाली बसले, आणि तितक्याच झटक्यात उठले. “सतरंजी टाका!”

मग काय विचारता! बाबा कार्डांवरचे नंबर खड्या आवाजात वाचताहेत, मी निळी कार्डं जागेवर घुसवतेय, आई दारात चादर धरून वारा अडवतेय. मधूनच मामा गरजायचे, “मनानं हलवू नका! सांगून हलवा!” आयुष्यात इतकी मजा मला कधी आली नव्हती.

शेवटाकडे मी थबकले. त्याच सुट्टीत मामांनी मला कार्डं वाचायला शिकवलं होतं. एका पांढऱ्या कार्डावर सात मिळवा, पुढच्या निळ्यावर सहा वजा करा!

“मामा, सरळ एकच मिळवा ना. हे पांढरं चुकलंय.”

“ठाऊक हाय.”

“मग बदलत का नाही?”

मामांनी ते पांढरं कार्ड माझ्या हातातून घेतलं. मामी त्याच कचेरीत कार्डांना भोकं पाडायच्या कामावर होती. आदल्या वर्षी ती गेली.

“पांढरी समदी तिच्या हातची, पोरी. सुधारत सुधारत मीच निम्मी काढली. ही तेवढी तिची चूक राहू दे. मी फुडच्या कार्डात सांभाळून घेतलंय.”

ते कार्ड त्यांनी स्वतःच्या हातानं गठ्ठ्यात सरकवलं. एसटी मिळाली.

मंगळवारी त्यांची तार आली.

“प्रोग्राम चालला म्हणे,” मी आईला सांगितलं.

“म्हंजे तिचं कार्डबी चाललं,” आई म्हणाली, आणि तिनं डोळ्याला पदर लावला.