पूल बंद हाये

"माह्या डोक्याचं तेल कप्पीले ओतलं? राहा मंग त्या कप्पीसंगच! मी उद्या आठच्या बसनं रिठदले चालली, माहेरी!"

गंगूची घोषणा साऱ्या वस्तीने ऐकली. तिचा नवरा ग्यानबा नुसता "जा" म्हणाला.

मेडशीकडची ही वस्ती तलावापलीकडे. डांबरी रस्त्याकडे जाणारा रपटा, म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल, पुरात मधोमध फुटला, तेव्हापासून त्या खिंडारावर ट्रॉलीचा जुना लोखंडी फाळका टाकलेला. रात्री रोही, म्हणजे नीलगाई, येऊन तूर खातात, म्हणून ग्यानबा संध्याकाळी कप्पीवरून दोर ओढून फाळका उभा करायचा आणि सकाळी खाली सोडायचा. पगार नव्हता, पण रुबाब होता.

सकाळी गंगू पिशवी घेऊन आली. पलीकडे बसही आली. फाळका मात्र हलेना. खुंट्याला दोराच्या गाठींवर गाठी बसल्या होत्या.

"म्या तं साधी गाठ मारली होती!" ग्यानबा चक्रावला.

"बायकोले जाऊ द्याचं नाही म्हणून बुडा ढोंग करून राह्यला," शेजारची चंदाबाई म्हणाली.

"मी काहून अडवू तिले? जाऊ दे ना!"

गंगूचा चेहरा उतरला.

शेजारचा देवला कोयता घेऊन धावला. "तोडू का दोर?"

"तोडला तं फाळका धाडकन पडन, उरलेला रपटाबी फुटन!" म्हणत ग्यानबाने गाठीला दात लावले. बसमधले लोक उतरून बघायला आले. कंडक्टर ओरडला, "सावकाश, काका! आमी थांबतो!"

अखेर शेवटची गाठ सुटली, एक दातही हलला. फाळका अलगद खाली आला. टाळ्या पडल्या. गंगू जागची हलली नाही.

"चाल ना," गाल धरून ग्यानबा म्हणाला, "बस थांबली तुह्यासाठी."

"काय घाई झाली तुमाले मले धाडायची!" गंगूचे डोळे भरून आले. "पहाटी उठून सात गाठी मारल्या मी. म्हटलं, सोडता सोडता तरी 'थांब' म्हणान!"

ग्यानबाचा गालावरचा हात दोराकडे गेला.

"येता का नाही, बाई?" कंडक्टरने शिट्टी मारली.

"जा बापा तू!" ग्यानबा गरजला. "पूल बंद हाये!"

त्याने दोर ओढायला घेतला. गंगूनेही पिशवी ठेवून मागून हात लावला. फाळका अर्धा वर गेला, तशी चंदाबाई किंचाळली, "अवो, मले तं जाऊ द्या! बाजार हाये ना माहा!"