पंगतीतलं मॅग्नेशियम

माझ्या नणंदेच्या लग्नात, ऐन पंगतीत सॅमसन मास्तर उठले आणि त्यांनी आमच्या नव्या व्याह्यांना पाटासकट वीतभर डावीकडे सरकवलं. मी जिलेबीचं ताट घेऊन तिथेच उभी होते. व्याही उरणचे, मिठागरवाले, तापट माणूस.

"मास्तर, आमी जेवाला आलोय का कवायतीला?"

"अंतर, अंतर," मास्तर शांतपणे म्हणाले. "रचना चुकली की उजेड फुकट."

हे त्यांचं पालुपद. मास्तर पनवेलच्या शाळेत शास्त्र शिकवत आणि आमच्या समोरच राहत. बायको वारलेली, घरात लेक लिया आणि जावई. विषय कुठलाही काढा, मास्तर झाडाच्या पानावर येणार. पानात म्हणे हरितद्रव्याचे रेणू असतात. मधोमध मॅग्नेशियमचा अणू, भोवती कडं, मागे लांब शेपूट. कडं ऊन झेलतं, शेपटीने रेणू जागेवर रुतून बसतो. एकाने झेललेलं शेजारी घेतो, तो पुढच्याला देतो, असं करत ते एका ठरलेल्या रेणूपाशी पोचतं आणि खरं काम तिथे होतं.

"लांब बसवा, पोचत नाही. अंगावर बसवा, मधल्यामधे विरतं. जो तो आपापल्या जागी हवा, वहिनी."

एवढं सांगून त्यांनी व्याह्यांना मॅग्नेशियम ठरवलं. व्याही जे ताडकन उठले, त्यांना पुन्हा बसवताना मामंजींना घाम फुटला.

पुढच्याच वर्षी मास्तर देश सोडून निघाले, तेव्हा तर मी हबकलेच. मास्तर बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातलेच ज्यू. त्यांच्यातली बरीच घरं तेव्हा इस्रायलला चालली होती. लिया आणि जावई निघाले, आणि लेकीवर तर मास्तरांचा सगळा जीव. तिकिटं काढली, सामान पुढे धाडलं, आणि एका सकाळी तिघं मुंबईला बोट गाठायला गेली. मी दारात उभी राहून रडले, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी दार वाजलं. उघडते तो मास्तर. भूत पाहावं तशी मी मागे सरले.

"अहो, बोट?"

"गेली."

"आणि लिया?"

"तीही गेली. म्हटलं, पोट बिघडलंय, मागाहून येतो."

"पण तुम्ही का नाही गेलात?"

मास्तर चपलांकडे बघत राहिले. "आमची प्रार्थना दहा पुरुष जमल्याशिवाय होत नाही, वहिनी. मी गेलो असतो तर इथे नऊ उरले असते. सगळे म्हातारे. शनिवारी प्रार्थनेला आले असते आणि नुसतेच बसून घरी गेले असते."

नऊ म्हाताऱ्यांसाठी पोटची पोर सोडली? मला त्यांचा रागच आला.

"मग जाणार कधी तिच्याकडे?"

"बरं वाटलं की," ते म्हणाले. मग खाली बघतच म्हणाले, "एक पातेलं द्याल का? चहापुरतं. भांडी सगळी बोटीवर गेली."

मी आत गेले. पातेलं समोरच होतं, पण ते घेऊन बाहेर यायला मला फार वेळ लागला.