सावकाशरावांची काजळी

शववाहिकेच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि सावकाशरावांच्या तोंडचं पाणी पळालं. मागे एक मयत आजोबा, शेजारी त्या आजोबांचे जावई, आणि पाठीमागे नातेवाइकांच्या गाड्यांची लांबलचक शेपटी.

सावकाशराव हे नाव मालकाने ठेवलेलं. ते गाडी इतकी हळू चालवायचे की पायी निघालेले लोक स्मशानात आधी पोचून जांभया देत बसायचे. त्याचा त्यांना केवढा अभिमान. पण गाडीच्या धुराच्या नळीत एक जाळी असते, इंजिनाची काजळी अडवायला. गाडी जोरात पळाली की नळी तापते आणि साठलेली काजळी आतल्या आत जळून जाते. सावकाशरावांच्या हाताखाली गाडी तापणार कधी? मिस्त्रीने जाळी खोलून साफ करून दिली, पुन्हा दिली, मग हात जोडून बजावलं. दिवा लागला की मोठ्या रस्त्याला लागायचं, गाडी पळवायची, दिवा विझेपर्यंत थांबायचं नाही. थांबलात तर गाडी बसलीच म्हणून समजा. मालकाने तर स्पष्टच सांगितलं होतं, आता गाडी बसली की तुम्हीही घरी बसा. या वयात त्यांना दुसरं कोण ठेवणार?

नेमका आज स्मशानाचा जवळचा रस्ता खोदलेला, म्हणून सगळे हायवेने निघाले होते. सावकाशरावांनी मनातल्या मनात आजोबांची माफी मागितली आणि पाय दाबला.

जावई आधी खूश झाले. मग स्मशानाचं वळण आलं. आणि गेलं.

"अहो, वळण मागे राहिलं."

"हो."

"मग वळा ना."

"नाही वळता येत. काजळी जळतेय."

जावयांनी दचकून मागे आजोबांकडे पाहिलं.

"त्यांची नाही हो," सावकाशराव रडकुंडीला येऊन म्हणाले, "गाडीची."

मागच्यांना यातलं काय कळणार? ड्रायव्हरला रस्ता माहीत असणार, या भरवशावर त्यांनीही गाड्या पिटाळल्या. आजोबांच्या थोरल्या मुलाचे जावयांना फोन सुरू झाले. थांबली तर गाडी बंद पडेल, असं जावई सांगत राहिले, आणि न थांबता ती चाललीय कुठे, असं मुलगा विचारत राहिला. शेवटी त्याने मालकालाच फोन लावला. एवढ्यात नळीतून धूर निघाला, जळका वास सुटला. धाकट्याची समजूत झाली की नवीन सोय निघालीय आणि आपल्याला सोडून सगळं वाटेतच उरकतायत. त्याने रडत रडत हॉर्न दाबून धरला.

पुढे टोलनाका, आणि त्यावर ही रांग. इथे थांबलं की गाडी बसलीच. तेव्हा जावई कमरेपर्यंत खिडकीबाहेर निघाले आणि हात हलवत ओरडले, "बाजूला व्हा, पेशंट सीरियस आहे."

लोकांनी वाट दिली. गाडीवरची अक्षरं वाचून होईपर्यंत आजोबा पलीकडे गेले होते.

दिवा विझला तेव्हा शहर कुठच्या कुठे राहिलं होतं. सगळा ताफा वळून स्मशानात आला, तर फाटकात मालक उभा. सावकाशरावांनी खाली उतरून किल्ली पुढे केली. थोरल्याने तोंड उघडलं, पण आजोबांच्या बायकोने, म्हणजे आजींनी, त्याला हाताने मागे सारलं.

"लग्न झाल्यापासून ह्यांना म्हणत होते, एकदा लांब फिरवून आणा," त्या मालकाला म्हणाल्या. "आज नेलं. माझ्या वेळेला हाच ड्रायव्हर पाठवा. शब्द द्या."

एवढ्या रडणाऱ्या माणसांसमोर मालक नाही कसा म्हणणार? दिला शब्द. किल्ली परत आली.

म्हणजे आजी आहेत तोवर नोकरी पक्की. तेव्हापासून सावकाशरावांना झोप नाही. सुट्टी मिळाली की फळं घेऊन आजींकडे जातात, औषध घेतलं का विचारतात, जिना उतरू नका म्हणून विनवतात. परवा त्या नुसत्या शिंकल्या, तर ह्यांचा चेहरा पांढराफटक.

आजींना वाटलं, दिलेल्या शब्दाचं ह्यांना ओझं झालंय. त्यांना दया आली. "एवढं मनाला लावून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "कधीतरी जायचंच आहे. उद्या जमेल का तुम्हाला?"